खालची ऊब, वरची ऊब

हज्जा फिद्दाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं, तेव्हा खुर्ची पुढून धाकट्या मुलाने, नायिफने, धरली होती आणि मागून त्याच्या मेहुण्याने. थोरल्या सुनेच्या, रस्मियाच्या हातात फक्त काठी होती. सासूची काठी घेऊन ती मागोमाग एकेक पायरी चढत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, न्या, न्या. अठ्ठावीस हिवाळे मी काढले, आता तुम्ही हौस भागवून घ्या.

"हळू रे," म्हातारी मुलाला म्हणाली, "मी काही गव्हाचं पोतं नाही."

"पोतं गप्प तरी बसतं, यम्मा," नायिफ धापा टाकत म्हणाला.

अठरा पायऱ्या संपल्या. वर धाकटी जाऊ हियाम दार सताड उघडून उभी होती. आतून गरम हवेचा असा लोट आला की रस्मियाच्या चष्म्यावर वाफच धरली. सासू वरच्या घरात कशी टेकते, तिचा चेहरा कसा होतो, हे पाहायलाच तर ती काठीचं निमित्त करून आली होती, आणि नेमकं तेच दिसेना. ओढणीच्या टोकाने काचा पुसून होईपर्यंत नुसता आवाज तेवढा कानावर पडला.

"अगं बाई," हज्जा फिद्दा म्हणत होती, "इथे तर उन्हाळाच आहे."

ते वाक्य रस्मिया आपल्याबरोबर खाली घेऊन आली आणि पुढे कितीतरी दिवस उगाळत बसली.

अजलूनच्या डोंगरावर थंडी चार महिने मुक्कामाला असते, आणि त्यातले चाळीस दिवस तर हाडात शिरतात. त्या दिवसांत घर म्हणजे एकच खोली, जिथे सोबा पेटलेली असेल ती. सोबा म्हणजे चाकांवरची गॅसची शेगडी. पाठीशी सिलिंडर, समोर लालबुंद होणाऱ्या तीन जाळ्या. बाकीच्या खोल्यांची दारं लावून घ्यायची आणि सगळ्यांनी तिच्याभोवती गोळा व्हायचं. तिच्या डोक्यावर केटली, केटलीशेजारी कडक होत आलेली रोटी, आणि वासासाठी संत्र्याची साल. रस्मियाचा नवरा मिफ्लेह होता तोवर नायिफ आणि हियामही मुलींना घेऊन रोज संध्याकाळी खाली येत. त्यांच्याकडे त्यांची सोबा होती, तरी येत, कारण हज्जा फिद्दा खाली होती. ईदला पाहुणे आधी खालच्या दारी येत. लग्नाची आमंत्रणं खाली येत. ऑलिव्हचं नवं तेल पहिल्यांदा खालच्या रोटीवर पडे. जिच्याकडे म्हातारी तिचं घर मोठं, असा सरळ मामला होता.

या मोठेपणाबद्दल रस्मियाने शेजारणींपाशी रडगाणं गायलं नाही असा एक आठवडा गेला नसेल. म्हातारीला सूप आळणी लागतं, म्हातारीला उशी उंच लागते, म्हातारी पहाटे काठी ठोकून उठवते. शेजारणी माना डोलवत. पण एकीने एकदा भाबडेपणाने सुचवलं, की मग धाकटीकडे का नाही पाठवत, तर रस्मिया तिच्याशी तीन महिने बोलली नव्हती.

कारण हियामकडे बाकी सगळं होतं. ती मुलींच्या सरकारी शाळेत गणित शिकवायची. त्याच शाळेत रस्मिया बावीस वर्षं शिपाईण होती. थंडीत पहिल्या घंटेच्या आधी जाऊन सगळ्या वर्गांतल्या सोबा पेटवणं हे तिचं काम. बारा वर्ग, बारा सोबा, आणि प्रत्येकीची खोड वेगळी. कुठली किती वेळ दाबून धरायची, कुठलीची मधली जाळी रुसते, हे तिच्या बोटांना पाठ होतं. गुडघे टेकून ती हियामच्या वर्गातली सोबा पेटवत असताना हियाम आत यायची आणि साठ पोरी एकदम उभ्या राहायच्या. "अल्लाह तुमचे हात सलामत ठेवो, उम्म हातिम," हियाम न चुकता म्हणायची, हातिमची आई या मानाच्या नावाने. ती उर्मटपणे वागली असती तर बरं झालं असतं. तिला नावं ठेवता आली असती.

आता मिफ्लेहला जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा हातिम अम्मानला, शुक्रवारी फोन करायचा. शाळेतून निवृत्त झालेल्या रस्मियाकडे पेटवायला एकच सोबा उरली होती आणि शेकायला एकच माणूस.

गॅस की वीज हा वाद सुरू झाला तो ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत. त्याच उन्हाळ्यात नायिफने छतावर सोलरच्या पाट्या बसवल्या होत्या, आणि त्यातला मोठा वाटा हियामच्या पगाराचा होता. वर भिंतीवर गरम हवा सोडणारा एसीही लागला. इकडे हज्जाचा खोकला काही केल्या हटेना. दवाखान्यातल्या डॉक्टरने छाती तपासली, घरात काय जाळता ते विचारलं आणि सांगितलं की हिच्या खोलीत गॅस पेटवू नका. तो कागद मध्ये ठेवून सगळे खालच्या खोलीत बसले.

नायिफने आपली बाजू मांडली. सिलिंडर आठवडाभरसुद्धा पुरत नाही, गॅसवाल्याच्या गाडीची धून ऐकू आली की रिकामं सिलिंडर घेऊन धावत सुटायचं, आणि वीज तर आता आपल्याच छतावर पिकतेय. रस्मियाने विचारलं की ढग आले की मग काय पिकणार. त्यावर उन्हाळ्यात जास्त झालेली वीज हिवाळ्यात परत मिळते असं काहीतरी तो सांगू लागला. ते तिला कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. हियामने मग वर्गात समजावतात तसं समजावलं. गॅस जळतो तेव्हा खोलीतली हवा खातो आणि पाणी सोडतो, म्हणून भिंती ओल्या होतात. जीव घुसमटू नये म्हणून खिडकी दोन बोटं उघडी ठेवावी लागते, आणि अर्धी ऊब त्या फटीतून जाते.

"म्हणजे आपण पैसे देऊन डोंगराला शेकतोय," नायिफ हसून म्हणाला.

"शेकू दे की डोंगराला, तुझं काय जातंय?" रस्मिया म्हणाली. "आणि तुझ्या त्या डब्यावर रोटी भाजता येते का? केटली ठेवता येते? माणसाला कशाकडे तरी बघून हात पुढे करावेसे वाटतात, नायिफ. भिंतीकडे बघून कोण हात शेकतं?"

क्षणभर रस्मिया जिंकलीच होती. तेवढ्यात हज्जाला खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत सगळे जमिनीकडे बघत राहिले. म्हातारीच्या पलंगामागे भिंतीवर ओलीचा काळा डाग चढला होता. रस्मियाने त्यावर दोनदा चुना फिरवला होता, कुणाला न सांगता.

"मग असं करू," नायिफ म्हणाला, "खालीही एक एसी बसवू. वीज तर आहेच. यम्माला हलवायलाच नको."

इथे रस्मियाने नुसती मान हलवली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण छतावरच्या पाट्या हियामच्या, त्यातून येणारी वीज हियामची, आणि ती ऊब आपण खाली बसून घ्यायची, हे तिच्या घशाखाली उतरेना. तिला वाटलं, म्हातारी काही मला सोडून जायची नाही.

"माझ्या भिंतीला भोक नको," ती म्हणाली. "आत्याबाईंना विचारा, त्यांना कुठे राहायचंय."

सगळ्यांनी हज्जा फिद्दाकडे पाहिलं. तिने डोळे पुसले, श्वास जमवला आणि म्हणाली, "जिथे हा खोकला थांबेल तिथे."

तर अशी ती खुर्चीतून वर गेली.

पहिले तीन दिवस रस्मिया सकाळ-दुपार वर गेली. चौथ्या दिवशी हियाम दारातच हळू आवाजात म्हणाली की आत्ताच डोळा लागलाय, जरा दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर याल का. बोलणं साधं होतं. रस्मियाला मात्र दार तोंडावर लावल्यासारखं झालं. म्हणजे आता आपल्याच सासूला भेटायला वेळ विचारून यायचं.

"येईन की, बोलावलं की येईन," ती म्हणाली. "त्यांच्याकडे काठी आहे. लागलं काही तर ठोकतील. माझ्याच छतावर तर ठोकायचंय."

हियामला ते पटलंच. ती सकाळी शाळेत जायची, नायिफ कामावर, मुली इर्बिदच्या कॉलेजात. दीड वाजेपर्यंत म्हातारी एकटी असायची. उशाशी थर्मास, औषधं, हाताशी काठी आणि खाली उम्म हातिम, मग काळजी कसली.

रस्मिया खाली सोबेपाशी बसून छताकडे कान लावू लागली. खाली असताना म्हातारी दिवसातून दहादा काठी ठोकायची. पाणी दे, पडदा सार, बाहेर कोण ओरडतंय ते बघ. आता एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. ठक नाही की ठुक नाही. वर ऊब आहे, तिला आता कशाला लागतेय मी, रस्मिया स्वतःशी म्हणायची आणि चहात साखर जास्त पडायची. शुक्रवारी सगळे वर जेवायला बसत तेव्हा ती जायची, पाहुणीसारखी टोकाला बसायची. वरच्या घरात सगळ्या खोल्यांची दारं उघडी असत, मुली आपापल्या खोलीत, कुणी कशाभोवती गोळा होत नसे. म्हातारीचा खोकला मात्र खरंच कमी झाला होता. तेही रस्मियाला लागलं, आणि लागलं याची लाजही वाटली. दुसऱ्या शुक्रवारी हज्जाने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "गुडघे दुखतात का गं तुझे?"

रस्मियाला तो टोमणा वाटला. "मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली आणि ताटातल्या मसूर-ताकाच्या रशूफमध्ये चमचा फिरवत बसली.

मग बर्फ पडलं. दोन दिवस डोंगर पांढरा झाला, शाळा बंद राहिल्या. रस्मिया खिडकीशी उभी राहून विजेच्या तारांकडे बघत होती. अजलूनमध्ये बर्फ पडलं आणि वीज गेली नाही असं तिला आठवत नव्हतं. एकदा वीज जाऊ दे, मग बघू ते यंत्र काय फुंकतंय. मग सगळे खाली येतील, पूर्वीसारखे. तिने गॅसची दोन सिलिंडरं भरून ठेवली, चेस्टनटची पिशवी आणून ठेवली. खालच्या आळीत वीज गेल्याची बातमी आली. यांच्या आळीत दिवा साधा लुकलुकलासुद्धा नाही.

सोमवारी दुपारी चार शेजारणी हज्जाला बघायला आल्या. रस्मियाच्या दारावरून गेल्या, एकीनेही दार वाजवलं नाही, सरळ वर चढल्या. वरून हसण्याचा आवाज येत राहिला. उतरताना त्यांतली एक तेवढी डोकावली. "काय ऊब आहे गं वर," ती कौतुकाने म्हणाली. "शाली काढून बसलो होतो सगळ्या. हज्जाचा रंगही उजळलाय बघ. तू कशी बसतेस बाई या वासात?"

त्या रात्री रस्मियाला जेवण गेलं नाही.

मंगळवारी शाळा उघडली. आकाश निळं होतं आणि थंडी अशी की बादलीतलं पाणी वरून गोठलं होतं. नायिफची गाडी गेली, मुली गेल्या, हियामच्या बुटांचा आवाज जिन्यावरून उतरून गेला. दोन्ही मजल्यांच्या विजेची पत्र्याची पेटी जिन्याखाली होती, रस्मियाच्या दारापासून चार पावलांवर. तिने दहा वाजता ती पेटी उघडली. वरच्या मजल्याचा मुख्य खटका डावीकडचा. शाळेत ती असे खटके रोज खालीवर करायची, त्यात काही विशेष नव्हतं. तिने तो खाली केला, पेटी लावली आणि आत आली.

सगळं तिने मनात ठरवून ठेवलं होतं. म्हातारीला गार वाटेल, ती काठी ठोकेल. आपण वर जायचं, वीज गेली म्हणायचं, तिला शालीत गुंडाळायचं, शेजारच्या दोघा भावांना हाक मारून खुर्चीतून खाली आणायचं. सोबेच्या तिन्ही जाळ्या तिने पेटवल्या. पलंगावर धुतलेली चादर घातली. सेजच्या पानांचा चहा उकळत ठेवला, साल ठेवली, खिडकी दोन बोटं उघडली. कधी नव्हे ती खोली इतकी नीटनेटकी झाली होती. मग ती छताखाली बसून वाट पाहू लागली.

अर्धा तास गेला. काठी वाजली नाही. एक तास झाला. रस्मियाचा संताप चढत गेला. म्हणजे कुडकुडेल, पण मला हाक मारणार नाही. हियाम येईपर्यंत दात वाजवत बसेल, आणि मग तिलाच सांगेल, बाळा, थंडी वाजतेय. अठ्ठावीस वर्षांत मी काय विष घातलं होतं हिला?

चहा आटून करपला, तेव्हा त्या वासाने ती भानावर आली. साडेअकरा होऊन गेले होते. सत्याऐंशी वर्षांची बाई, छाती अशी. गॅस बंद करून ती धावत सुटली, कठड्याला धरून अठरा पायऱ्या चढली, आणि वरचं दार उघडून आत गेली तर आत बाहेरच्याइतकंच गार होतं. ती विजेची ऊब मागे काहीच ठेवून गेली नव्हती.

हज्जा फिद्दा पलंगावर बसली होती. दोन रजया अंगावर, तिसरी खाली घसरलेली. ओठ जांभळे पडले होते. हातात काठी घट्ट धरलेली होती.

"आलीस?" ती म्हणाली.

"काठी ठोकायला काय झालं होतं तुम्हाला?" रस्मिया जवळजवळ ओरडलीच. भीती वाटली की तिला आधी राग यायचा.

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "ठोकली की."

"कधी?"

"आज ठोकली. काल ठोकली. रोज ठोकते."

रस्मियाला वाटलं, थंडीने भ्रम झाला. तेवढ्यात हज्जाने काठी उचलली आणि खाली आपटली. आवाज झालाच नाही. पलंगाभोवती नवा गालिचा होता, बोटभर लव असलेला, म्हातारीच्या पायाला फरशी गार लागू नये म्हणून हियामने अंथरलेला. काठीचं टोक त्यात रुतलं आणि तिथेच राहिलं.

"पहिल्यांदा वाटलं, झोपली असशील," हज्जा म्हणाली. "मग वाटलं, गुडघे धरले असतील. शुक्रवारी विचारलं तुला, तर म्हणालीस काही नाही. तेव्हा समजले, रागावलीय. मी आले ना सोडून."

"मग हियामला सांगायचं तरी."

"काय सांगू? रस्मिया येत नाही म्हणून?" म्हातारीने डोळे मिटले. "या घरात तेवढंच व्हायचं राहिलंय का?"

रस्मिया खाली बसली. तिने सासूचे हात आपल्या हातात घेतले. ते बर्फातून काढल्यासारखे होते. ती ते चोळत राहिली, फुंकत राहिली, शेवटी आपल्या कुशीत दाबून धरले. वीस दिवस ही बाई काठी ठोकत होती आणि खाली आपण तिला शिव्या देत बसलो होतो. तिला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आलेच मी," ती म्हणाली. जिना उतरून तिने पेटी उघडली, खटका वर केला आणि परत चढून आली. भिंतीवरचा एसी टुंग वाजून सुरू झाला होता.

"वीज आली," रस्मिया म्हणाली.

"हं," हज्जा फिद्दा म्हणाली. "तू खाली गेलीस, आणि आली."

रस्मिया तशीच उभी राहिली. म्हातारीने आणखी एक शब्द विचारला असता तर तिने सगळं सांगून टाकलं असतं, रडून मोकळी झाली असती. हज्जाने विचारला नाही. तिने रजई थोडी बाजूला सारली. "ये, बस इथे," ती म्हणाली. "पाय वर घे. तुझेच हात गार पडलेत आता."

दीड वाजता हियाम आली तेव्हा दोघी एकाच रजईत पाय घालून बसल्या होत्या. घर पुन्हा गरम झालं होतं. हियामने स्वयंपाकघरात पिशवी ठेवली आणि तिथूनच म्हणाली, "मायक्रोवेव्हचं घड्याळ लुकलुकतंय. वीज गेली होती का? शाळेत तर होती."

रस्मियाने रजईतले पाय आखडून घेतले.

"थोडा वेळ गेली होती," हज्जा म्हणाली. "रस्मिया होती माझ्याजवळ."

हियाम दारात आली. तिने आधी म्हातारीकडे पाहिलं, मग जावेकडे, आणि मनापासून म्हणाली, "अल्लाह तुमचे हात सलामत ठेवो, उम्म हातिम."

बावीस वर्षं ऐकलेलं ते वाक्य आज रस्मियाला सोसवेना. काहीतरी बोलायचं म्हणून ती एकदम म्हणाली, "हा गालिचा इथून जरा दुमडायला हवा. काठीचा आवाज खाली येत नाही."

हियामला कळायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा उतरला. रोज सकाळी ती त्या काठीच्या भरवशावर म्हातारीला एकटं सोडून गेली होती. "म्हणजे इतके दिवस..." ती म्हणाली आणि थांबली. मग आत जाऊन मोठी कात्री घेऊन आली, अंगावरचा कोट न काढता पलंगापाशी गुडघे टेकून बसली, आणि तिने तो नवाकोरा गालिचा कापायला घेतला. गणिताची बाई, पण माप घेतलं नाही. काठी पोहोचेल तिथला रोटीएवढा तुकडा कापून काढला, खालची फरशी उघडी केली आणि हज्जाला म्हणाली, "ठोका बरं, यम्मा."

म्हातारीने काठी ठोकली. खणखणीत आवाज झाला.

रस्मिया बघत होती. आपण दुमडा म्हटलं, हिने कापून टाकला. आपल्या हातून नवा गालिचा असा कापला गेला असता का, हे तिने स्वतःला विचारलं आणि उत्तर आवडलं नाही. इथेही हियामच मोठी ठरली. गुडघे टेकून बसलेल्या जावेच्या पाठीकडे बघताना तिला रडू येत होतं आणि त्या रडण्यातसुद्धा हेवा होताच, तो काही एका दिवसात जाणार नव्हता. कापलेला तुकडा कुणी उचलेना, तो तिनेच उचलला आणि खाली घेऊन आली.

सकाळच्या त्या प्रकाराबद्दल तिने हियामला कधी सांगितलं नाही, आणि हज्जानेही पुन्हा विषय काढला नाही. जिन्याखालच्या पेटीला मात्र दुसऱ्या दिवशी एक छोटं कुलूप दिसलं. ते रस्मियाने स्वतः लावलं होतं आणि किल्ली वर नायिफच्या खुंटीला अडकवली होती. त्याने विचारलं तर म्हणाली, उंदीर शिरतात.

बुधवारी थंडी तशीच होती. रस्मियाने तो गालिच्याचा तुकडा सोबेपुढे टाकला, त्यावर गुडघे टेकले आणि एकच जाळी पेटवली. एकट्या माणसाला एक पुरे. संत्रं सोलून साल वर ठेवली. समोरच्या पलंगावर कालची धुतलेली चादर तशीच होती. वर पाऊल वाजलं, नळ वाजला, मग दार लागलं आणि हियामचे बूट खाली उतरून गेले. साल हळूहळू वळली, तिचा वास खोलीत पसरला.

ठक. ठक.

रस्मिया उठली. पेटती सोबा रिकाम्या खोलीत ठेवायची नाही ही तिची बावीस वर्षांची सवय, म्हणून तिने गॅस बंद केला. जाळी लाल होती ती काळी पडत गेली. तिने ती तापलेली साल रुमालात घेतली, मूठ मिटली आणि दार ओढून जिन्याशी आली. साल गार व्हायच्या आत वर पोहोचायचं होतं, म्हणून गुडघे दुखत असूनही ती जरा घाईनेच चढू लागली.